गाडी ‘लहान’ कुठल्या फूटपट्टीनं?

अँबॅसिडरची लांबी ४३२५ मिमी आणि आजच्या क्रेटाची ४३३० मिमी. फरक पाच मिलिमीटरचा. तरी अँबॅसिडर म्हटलं की मंत्र्यासंत्र्यांची, लग्नाच्या वऱ्हाडाची, मागे चारजण सहज मावणारी ऐसपैस गाडी आठवते, आणि क्रेटाला विक्रेतेसुद्धा ‘मिड-साइझ’ म्हणतात. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर क्रेटाच मोठी दिसेल, कारण अँबॅसिडरची रुंदी १६६२ मिमी आहे आणि क्रेटाची १७९० मिमी. दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, तिकडे २४६४ आणि इकडे २६१०. लांबी तेवढीच राहिली, बाकी सगळीकडून गाडी फुगली.

प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण याहून मजेशीर. मुंबईची काळीपिवळी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. लांबी ३९३० मिमी, रुंदी १४६० मिमी, इंजिन १०८९ सीसी. आज कुर्ल्याचा कारखाना सुरू असता आणि ती नवी विकायला असती, तर चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या खाली म्हणून तिला १८ टक्के जीएसटी लागला असता. १४८९ सीसीच्या पेट्रोल अँबॅसिडरला ४० टक्के. आणि पद्मिनीची १४६० ही रुंदी जपानच्या सर्वांत छोट्या वर्गातल्या, ‘केई’ गाड्यांच्या कमाल रुंदीपेक्षाही २० मिमीनं कमी आहे. मागे तीन प्रवासी, पुढे एक, टपावर कॅरिअरला दोरीनं बांधलेल्या ट्रंका, हे सगळं त्या १४६० मिमीच्या गाडीनं केलं. तेव्हा कुणी तिला ‘छोटी गाडी’ म्हणत नव्हतं.

‘लहान’ आणि ‘मोठी’ हे शब्द प्रत्येक देशात वेगळ्या ठिकाणी ठरतात. कुठे अर्थसंकल्पात, कुठे पार्किंगच्या मनोऱ्यात, कुठे पुढच्या सिग्नलला शेजारी काय उभं आहे त्यावरून. नियम मात्र सगळीकडे सारखाच दिसतो: सरकार ज्या बाजूनं फूटपट्टी लावतं त्या बाजूनं गाडी अंग चोरते आणि जी बाजू मोजली जात नाही तिकडून सुटते. ब्रिटनमध्ये १९४७ पर्यंत मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर होता, म्हणून तिथल्या इंजिनांचे सिलिंडर अरुंद आणि स्ट्रोक, म्हणजे आतल्या दट्ट्याची वर-खाली धाव, लांबलचक. कराची रेघ जिथं पडते तिथं लोखंड वाकतं.

आपल्याकडची रेघ २००६ च्या अर्थसंकल्पात पडली. लांबी ४००० मिमीपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. तोवर ‘लहान गाडी’ म्हणजे आखूड, दोन डब्यांची हॅचबॅक, अशी सगळ्यांची समजूत होती. पण रेघ ओढली आणि डिकीवाल्या सेडानसुद्धा तिच्या आत शिरू लागल्या. २००८ ची इंडिगो सीएस ही पहिली. त्यानंतर २०१२ ची दुसऱ्या पिढीची स्विफ्ट डिझायर. तिचं काय केलं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. पहिली डिझायर ४१६० मिमीची होती, दुसरी ३९९५ मिमीची. १६५ मिमी लांबी गेली आणि ती जवळजवळ सगळी मागून गेली. डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली. म्हणजे १२४ लिटर सामान रस्त्यावर. मोठ्या प्रवासी बॅगांतली एक घरी ठेवायची. बाजूनं पाहिलं तर डिकी करवतीनं कापल्यासारखी दिसायची, आणि लोकांनी तरीही ती भरभरून घेतली, कारण शोरूममधल्या किमतीत फरक पडला होता.

कापाकापीची ही कला मग सगळ्यांनीच शिकून घेतली. महिंद्राची क्वांटो ही झायलो कापून केलेली. एक्सयूव्ही ३०० ही कोरियातल्या टिवोलीवर बेतलेली, मूळ गाडी ४.२ मीटरच्या आसपास, इथली ३९९५. ह्युंदाईची आय-२० युरोपात ४०४० मिमीची विकली गेली आणि भारतात ३९९५ ची. व्हेन्यूचंही तसंच, अमेरिकेत ४०४० आणि इकडे ३९९५. ४५ मिमी कुठून काढले? पत्रा तोच, दारं तीच, काचा त्याच. बंपर फक्त कमी फुगीर. म्हणून अशा गाड्यांच्या मापपत्रकात ३९९०, ३९९५, ३९९८ असेच आकडे दिसतात. अभियंत्याच्या मनात गाडी ३९९५ ची आली असं कधी होत नाही.

आता यातली खरी गोम. आपल्या रेघेनं लांबी मोजली, इंजिन मोजलं. रुंदी आणि उंची मोकळीच सोडली. परिणाम व्हायचा तोच झाला. डिझायर २०१२ ला १६९५ मिमी रुंद होती, २०१७ ला १७३५ झाली. लांबी ३९९५ च. व्हेन्यू २०१९ ला १७७० रुंद, २०२५ च्या नव्या पिढीत १८००. उंचीही १६१७ वरून १६६५. लांबी ३९९५ च. नेक्सॉन १८०४. म्हणजे कायद्याच्या लेखी ‘लहान’ असलेली गाडी अँबॅसिडरपेक्षा १४२ मिमी रुंद आहे. पुढून आली तर लहान आहे हे कळायला मार्ग नाही. कळतं ते फक्त बाजूनं, जिथं बॉनेट आखूड आणि पाठ सरळ तासलेली दिसते.

पुण्याच्या पेठेतल्या किंवा गिरगावातल्या गल्लीत समोरून गाडी आली की अडतं काय? लांबी क्वचितच अडते. अडते रुंदी. दोन गाड्या एकमेकींना पास होताना प्रत्येकीनं १०-१५ सेमी जास्त घेतले की तीन गाड्यांतच गल्ली तुंबते. आपण लांबीला सवलत दिली आणि रुंदीला मोकळं रान. धोरण म्हणून हे उलटं झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तर ही रेघ आणखी गडद झाली. आधी २८ टक्के जीएसटीवर वेगवेगळे उपकर होते. आता रेघेच्या आत १८ आणि बाहेर ४० टक्के. ३९९५ आणि ४००५ यांच्यात २२ टक्के गुणांचं अंतर. विजेवरच्या गाड्यांना मात्र लांबीची अट नाही, सरसकट ५ टक्के, म्हणून केवळ विजेवर चालायला बनवलेल्या गाड्या आरामात ४.३ मीटरच्या असतात. एक गंमत सांगायची राहिली: जुन्या पद्धतीत जास्तीत जास्त उपकर लागणाऱ्या ‘एसयूव्ही’ची व्याख्या होती लांबी ४००० मिमीच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) १७० मिमी किंवा जास्त, आणि तिन्ही अटी एकत्र. २०२० पासूनच्या क्रेटाचं पेट्रोल इंजिन १४९७ सीसी, डिझेल १४९३. जिला अख्खा देश एसयूव्ही म्हणत होता ती त्या व्याख्येत बसतच नव्हती.

जपाननं फूटपट्टी चारही बाजूंनी लावली. केई वर्गाची सुरुवात १९४९ ची. १९७६ पासून मर्यादा ३.२ मीटर लांब, १.४ मीटर रुंद, ५५० सीसी. १९९० मध्ये ३.३ मीटर आणि ६६० सीसी. ऑक्टोबर १९९८ पासून ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद, २ मीटर उंच, ६६० सीसी, आणि तेव्हापासून तशीच. आपली १९८३ ची पहिली मारुती ८०० ही याच केई मोजमापाची बॉडी होती, आत फक्त ७९६ सीसीचं इंजिन. नंतर सगळ्यांच्या लक्षात राहिलेली ८०० होती ३३३५ मिमी लांब आणि १४४० मिमी रुंद. इंजिन सोडलं तर ती आजच्या केई चौकटीतही बसते. जपानमध्ये जी सर्वांत धाकटी, ती आपल्याकडे दोन दशकं मध्यमवर्गाची ‘फॅमिली कार’.

केईला पिवळी नंबरप्लेट, वर्षाचा कर १०,८०० येन. साध्या गाड्यांत सर्वांत कमी कर २५,००० येन. त्यावर ‘शाको शोमेइ’ म्हणजे गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा हवी, आणि गाडी तिच्यात पूर्ण मावायला हवी. तो नसेल तर साध्या गाडीची नोंदणी होत नाही. केईला ग्रामीण भागात यातून सूट आणि शहरात नंतर कळवलं तरी चालतं. महाराष्ट्रात २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी असाच विचार बोलून दाखवला तेव्हा गदारोळ झाला. जपानमध्ये हा कायदा १९६२ पासून आहे.

लांबी-रुंदी दोन्ही बांधल्यावर गाडी कुठे सुटली? वरती. होंडाची एन-बॉक्स ३३९५ मिमी लांब, १४७५ रुंद आणि उंची तब्बल १७९० च्या घरात. सरकती दारं, सपाट फरशी, आत माणूस जवळजवळ उभा राहतो. गेली कित्येक वर्षं ती जपानमध्ये सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत आहे. आपली वॅगन आर याच घराण्यातली. पण नाव एकच म्हणून गाडी एकच असं समजू नका: जपानची वॅगन आर ३३९५ बाय १४७५, आपली ३६५५ बाय १६२०.

केईच्या वरची पायरी म्हणजे ‘५ नंबर’ची गाडी: ४.७ मीटर लांब, १.७ मीटर रुंद, २ मीटर उंच, २००० सीसी. यातलं एक माप जरी ओलांडलं तरी नंबरप्लेटवरचा वर्ग ‘३’ होतो. १९८९ पर्यंत ३ नंबर म्हणजे भरमसाट कर, म्हणून त्या काळच्या जपानी गाड्या लांबुळक्या पण अरुंद, रुंदी १६९० किंवा १६९५. मग कर इंजिनाच्या सीसीवर आला आणि जपानी गाड्याही आडव्या वाढू लागल्या. पण गल्ल्या वाढल्या नाहीत, त्यामुळे ती १.७ ची सवय सुटलेली नाही. आपली स्विफ्ट १७३५ मिमी रुंद आहे. जपानमध्ये विकली जाणारी साधी स्विफ्ट १६९५ ची. ४० मिमी चाकांवरच्या मडगार्डांतून काढून घेतले. आणि भारतात बनलेली बलेनो २०१६ पासून काही वर्षं जपानमध्ये विकली गेली, तर १७४५ रुंदीमुळे ती तिथं ३ नंबरात, म्हणजे वरच्या वर्गात. तीच गाडी भारतात करसवलत मिळवणारी ‘लहान’. एकाच कारखान्यातून निघालेली, एकाच रंगाची.

अमेरिकेत याच्या उलट. १९५९ हे साल घ्या. त्या वर्षीची कॅडिलॅक २२५ इंच, म्हणजे ५७१५ मिमी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये आलेली, अ‍ॅलेक इसिगोनिसनं आखलेली मिनी ३०५४ मिमी. दोन मिनी एकामागे एक लावल्या तर कॅडिलॅकपेक्षा ४० सेमी जास्त, बस्स. तेलटंचाईनंतर जनरल मोटर्सनं १९७७ मध्ये मोठ्या गाड्या आखूड केल्या. शेवरलेची इम्पाला ५६६२ वरून ५३८७ मिमीवर आली, आणि आतली जागा मात्र कमी झाली नाही. पण मधल्या आकाराच्या गाड्यांची कापणी अजून व्हायची होती, त्यामुळे त्या वर्षी ‘मिड-साइझ’ माँटे कार्लो ५४०३ मिमीची, म्हणजे ‘फुल-साइझ’ इम्पालापेक्षा लांब. नाव आणि माप यांची फारकत इतकी उघडपणे क्वचितच दिसते.

तिथल्या पर्यावरण खात्याचा, ईपीएचा, वर्ग तर बाहेरच्या मापाकडे बघतच नाही. प्रवाशांची जागा आणि डिकी यांची बेरीज घनफुटांत करतात: ८५ च्या खाली मिनिकॉम्पॅक्ट, १०० पर्यंत सबकॉम्पॅक्ट, ११० पर्यंत कॉम्पॅक्ट, १२० पर्यंत मिडसाइझ, पुढे लार्ज. म्हणून पोर्शे ९११ मिनिकॉम्पॅक्ट ठरते आणि होंडा अकॉर्ड लार्ज. १९७६ ची पहिली अकॉर्ड ४.१ मीटरची होती, आताची ४.९७. आपल्याकडे रस्ता अडवणारी वाटते ती फॉर्च्युनर ४७९५ मिमीची. अमेरिकेतली कॅमरी ४९२० ची आणि ती साधी मिडसाइझ सेडान. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या पाहुण्याला फॉर्च्युनर बेताची वाटली तर त्याचा तोरा समजू नये. तो जिच्याशेजारी रोज उभा राहतो ती पिकअप जवळजवळ सहा मीटरची असते.

अमेरिकेतही रेघ आहे, पण ती ८० इंचांवर. ८० इंच म्हणजे २०३२ मिमी किंवा त्याहून रुंद गाडीला पुढे-मागे जादा अंबर-लाल दिवे लावावे लागतात. साधी फोर्ड एफ-१५० ही ७९.९ इंच रुंद. तिचीच फुगीर रॅप्टर आवृत्ती ८० ओलांडते, म्हणून तिच्या जाळीत ते तीन पिवळे ठिपके असतात. इकडे ते दिवे शोभेसाठी लावून घेणारे आहेत, ती गोष्ट वेगळी. इंधनवापराच्या नियमातही तिथं व्हीलबेस गुणिले दोन चाकांमधली रुंदी, म्हणजे जमिनीवरचा ठसा जेवढा मोठा तेवढं लक्ष्य सौम्य. मोठी गाडी बनवणाऱ्याला सवलत मिळावी असा हिशेब असेल तर लहान कोण बनवेल?

युरोपात रेघ नव्हती, तिथं पिढ्यांनी गाड्या वाढवल्या. १९७४ ची गोल्फ ३७०५ मिमी लांब आणि १६१० रुंद. आठवी गोल्फ ४२८४ आणि १७८९. २०१७ ची पोलो ४०५३ बाय १७५१, म्हणजे धाकटी बहीण आज थोरलीच्या जन्मवेळच्या मापापेक्षा ३५ सेमी लांब. खाली रिकामी होत गेलेली जागा भरायला २०११ मध्येच ३५४० मिमीची ‘अप’ आणावी लागली, जी जवळजवळ १९७५ च्या पहिल्या पोलोएवढी. कारणं सगळीच काही हौसेची नाहीत. दारांत आडव्या धडकेसाठी पोलादी तुळया आणि एअरबॅगा आल्या, दारं जाड झाली. पुढे चेपणारा भाग हवा म्हणून नाक वाढलं. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खाली इंजिन लगेच लागू नये म्हणून बॉनेट वर उचललं. जुन्या पद्मिनीचं दार हातात धरून बघा, पत्रा आणि काचेची यंत्रणा एवढंच आहे त्यात. ती १४६० मध्ये तीन माणसं बसवू शकली याचं एक कारण ते पातळ दार, आणि त्या दारानं धडकेत काय वाचवलं असतं हेही उघड आहे.

तरीही हौस आहेच. २०१८ ते २०२३ या काळात युरोपातल्या नव्या गाडीची सरासरी रुंदी १७७.८ वरून १८०.३ सेमीवर गेली, साधारण दर वर्षी अर्धा सेमी. जर्मनीत महामार्गावर काम चालू असताना डावी मार्गिका अरुंद करतात आणि तिथं २ किंवा २.१ मीटरची पाटी लागते. ही मर्यादा आरशांसकट आहे. गोल्फसारखी गाडीही आरसे धरून दोन मीटर ओलांडते, त्यामुळे २ मीटरच्या पाटीखालून ओव्हरटेक करणारे बहुतेक जण नकळत नियम मोडत असतात. पॅरिसनं फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान घेऊन बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट केलं: मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो, पेट्रोल-डिझेल आणि हायब्रिडसाठी मर्यादा १.६ टन, विजेवरच्यांना २ टन. तिथं ‘मोठी’ म्हणजे वजनानं मोठी.

आता आपल्या सोसायटीत या. गाडी घेण्याआधी ब्रोशरमधली लांबी बघून ‘बसेल’ म्हणणं ही नेहमीची चूक. बांधकामाच्या नकाशात छोट्या गाडीची जागा बऱ्याचदा २.३ बाय ४.५ मीटरची असते. ४.५ मध्ये ३९९५ ची गाडी ठेवली तर अर्धा मीटर उरतो, कशालाच उपयोगी नसलेला. २.३ मध्ये १.८०४ ची ठेवली तर दोन्ही बाजूंना मिळून ४९.६ सेमी. मधोमध लावली तर प्रत्येक बाजूला २५ सेमीसुद्धा नाहीत. शेजाऱ्याचे तेवढेच धरले तर दोन गाड्यांमध्ये ५० सेमी. प्रौढ माणसाला अंग न चोरता उतरायला दार कडेशी ५५-६० सेमी उघडावं लागतं. साडी नेसलेली, गुडघे दुखणारी आजी असेल तर त्याहून जास्त. तिथं दोन पद्मिनी असत्या तर मध्ये ८४ सेमी असते. म्हणून हल्ली गाडी आत घालायच्या आधी सगळ्यांना बाहेर उतरवायची पद्धत पडली आहे, आणि दारांच्या कडांना शेजारच्या गाडीचा रंग लागलेला असतो.

ब्रोशरमधली रुंदी आरसे सोडून असते हे लक्षात ठेवा. आरसे धरून १८-२५ सेमी वाढतात. शोरूममध्ये टेप घेऊन जा, आरसे उघडे ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, आणि हा आकडा सोसायटीच्या फाटकाशी, गल्लीतल्या सर्वांत अरुंद जागेशी ताडून बघा. फाटकाची मोजणी बिजागऱ्या आणि कडीच्या आतून करा, खांबापासून खांबापर्यंत करू नका. उघडलेलं पान आठ-दहा सेमी खातं.

वळणाचा हिशेब व्हीलबेसचा आहे. गाडी वळते तेव्हा मागचं आतलं चाक पुढच्याच्या मार्गानं जात नाही, आतून कापतं. पुढचं चाक ५ मीटर त्रिज्येनं फिरवलं तर २३४० व्हीलबेसच्या पद्मिनीचं मागचं चाक ५८ सेमी आत येतं, २६१० च्या क्रेटाचं ७३ सेमी. हे जादा १५ सेमी जिथं खांब असतो तिथंच नेमके लागतात. म्हणून ओरखडे पुढच्या दारापेक्षा मागच्या दारावर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर जास्त दिसतात. उपाय: खांबांमधल्या जागेत नेहमी रिव्हर्सनं घाला. मागे जाताना मागची चाकं पुढे असतात, ती जागेत सरळ शिरली की नाक आपण हवं तसं फिरवू शकतो. माहितीपत्रकात टर्निंग रेडियस, म्हणजे वळणाची त्रिज्या (वॅगन आर ४.७ मीटर, फॉर्च्युनर ५.८), चाकाच्या खुणेवर मोजलेला असतो. बंपरचा कोपरा त्याच्या बाहेर झुलतो, भिंतीपासून आणखी तीस-चाळीस सेमी सोडा.

खांब कुठे आहे हेही बघायचं. खांब पुढच्या चाकाच्या मडगार्डाशी आला तर चालतं, कारण तिथं काही उघडत नाही. तोच दाराच्या मध्यावर आला तर २.५ मीटरची जागाही निकामी. खात्री करायची असेल तर गाडी बुक करण्याआधी जमिनीवर खडूनं तिचा आयत काढा, लांबी अधिक आरशांसकट रुंदी, दारांच्या जागी ६० सेमीच्या रेघा, आणि शेजाऱ्याची गाडी जागेवर असताना उभे राहून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

यांत्रिक पार्किंग, म्हणजे गाड्या पाळण्यांत उचलून एकावर एक ठेवणारी यंत्रणा, असेल तर लांबीपेक्षा उंची आधी बघा. जपानमधल्या जुन्या मनोऱ्यांची मर्यादा १५५० मिमी असते, तिथल्या कित्येक गाड्या त्या आकड्याच्या आत बसवून आखलेल्या आहेत. आपल्याकडच्या दोन-तीन मजली स्टॅकमध्येही सेडानसाठी ठेवलेले कप्पे बुटके असतात. होंडा सिटी साडेचार मीटरच्या पुढे आहे पण उंची १४८९, ती शिरते. वॅगन आर ३६५५ ची ‘छोटी’, पण उंची १६७५. ती वरच्या पाळण्यात अडते. यंत्रावर लांबी, रुंदी, उंची, वजन अशी चार आकड्यांची पाटी असते. रुंदीचा आकडा पाळण्याच्या कडेच्या पट्ट्यांच्या आतला असतो, तेव्हा टायरच्या बाहेरच्या कडा मोजा; पट्टीला घासून टायरची बाजू फाटते आणि ती दुरुस्त होत नाही, टायरच बदलावा लागतो. वजन म्हणाल तर त्याच बॉडीची विजेवरची गाडी पेट्रोलवाल्या भावंडापेक्षा दोन-तीनशे किलो जड असते. पाळण्यात उभी राहणारी गाडी बदलताना नव्या गाडीच्या नोंदणी पुस्तकातलं रिकामं वजन बघा, त्यात डिकीतलं सामान मिळवा, आणि मगच वर चढवा. टपावरच्या पट्ट्या, अँटेना आणि मागाहून बसवलेलं कॅरिअर उंचीत धरलेलं आहे का, तेही आधी विचारा. बहुतेक वेळा धरलेलं नसतं.